दुपारी १२ ते ५ बिटअ‍ॅक्स सारखं रीस्टार्ट होतंय: उन्हामुळे की पॉवरमुळे?

वऱ्हाडी_आयटी (अकोला), ११ मे २०२५

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीच्या मुलांना आयटी शिकवते. ब्लॉकचेन शिकवताना मुलं दरवेळी विचारतात, "मॅडम, मायनिंग म्हणजे यंत्र नेमकं करतं काय?" फळ्यावर सांगून त्यांचं समाधान होईना, म्हणून फेब्रुवारीत एक बिटअ‍ॅक्स गॅमा, म्हणजे एकाच चिपचं छोटं बिटकॉइन मायनिंगचं यंत्र, मागवलं. कस्टम ड्युटी धरून साडेबारा हजार गेले. पैसे सुटतील अशा आशेने घेतलेलं नाही, हे आधीच सांगते.

मार्चपर्यंत काही तक्रार नव्हती. ५२५ मेगाहर्ट्झ, ११५० मिलिव्होल्ट हे मूळ सेटिंग होतं आणि १.०७ टेराहॅश दिसायचं, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटींहून जास्त हॅश (पुढचा ब्लॉक शोधायचे गणिती प्रयत्न). एप्रिलच्या मध्यापासून बारा वाजले की यंत्र आपोआप रीस्टार्ट होऊ लागलं. कधी तासात दोनदा, कधी सहादा. रात्री मात्र अगदी शहाण्यासारखं चालतं. मग एका व्हिडिओत बघून मी ६०० मेगाहर्ट्झ आणि १२०० मिलिव्होल्ट केलं, "चिपला जास्त व्होल्टेज दिलं की ती स्थिर होते" असं त्यात म्हटलं होतं. दुसऱ्या दुपारी पाहते तर स्क्रीनवर ओव्हरहीट, फ्रिक्वेन्सी ५० वर येऊन बसलेली.

माझ्या नोंदी: रात्री खोलीत ३१ अंश, चिप ६१ अंश, इनपुट व्होल्टेज ४.७२ (हे ५२५ च्या सेटिंगवर). दुपारी खोलीत ४१ अंश. इनपुट ४.५ च्या आसपास खालीवर होतं. पंखा १०० टक्के. अ‍ॅडाप्टर इथल्याच बाजारातून घेतला, त्यावर ५ व्होल्ट ६ अँपिअर लिहिलंय. यंत्र खिडकीशी ठेवायचं होतं म्हणून दीड मीटरची वायर जोडून घेतली.

एसी घरात नाही, कूलर आहे. कूलरच्या झोतात ठेवलं तर चालेल का? की उन्हाळाभर बंदच ठेवू? मुलांची परीक्षा संपली, पण उन्हाळी वर्गातली सातजण रोज येऊन आकडे वहीत उतरवतात. बंद करायला जीव होत नाही.

---

डेपोवाले_काका (धुळे), ११ मे

ताई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून बोलता येतं. नाहीतर इथे लोक "चालत नाही, काय करू" एवढंच लिहितात.

मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं ऑटो-इलेक्ट्रिशियन होतो. रिटायर झाल्यावर मुलाने हे खेळणं आणून दिलं, आता दोन आहेत. धुळ्याचं ऊनही अकोल्यापेक्षा फार मागे नाही, त्यामुळे तुमची अडचण मी अंगावर काढलेली आहे.

तुमच्या यंत्राला दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही त्यांना एकच समजून औषध दिलंत. रीस्टार्ट हा पॉवरचा आजार. ओव्हरहीट हा उष्णतेचा. पहिल्यासाठी दिलेल्या औषधाने दुसरा अंगावर आला.

आधी पॉवर बघू. बस सकाळी सेल्फ मारत नसली की नवखा पोरगा बॅटरीला मीटर लावतो, २४ व्होल्ट दिसतात, म्हणतो बॅटरी चांगली. आम्ही त्याला सांगायचो, सेल्फ मारताना मोज, आणि बॅटरीवर नको, स्टार्टरच्या टर्मिनलवर मोज. लोड नसताना सगळेच व्होल्टेज खरे वाटतात. इथेही तेच. तुमचं यंत्र साधारण १८ वॉट घेतं, म्हणजे ५ व्होल्टला ३.६ अँपिअर. दीड मीटरची वायर म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर तांबं. ती ०.५ चौमिमीची असेल तर तिचा रोध ०.१ ओहमच्या आसपास. तिथेच ०.३६ ते ०.४ व्होल्ट गळाले. मोबाइलच्या चार्जरला हे चालून जातं. ह्याला नाही चालत, कारण बोर्डावरचा रेग्युलेटर चिपला ठरलेली पॉवर पुरवायचीच असं धरून बसतो: व्होल्टेज पडलं की तो जास्त अँपिअर ओढतो, अँपिअर वाढले की वायरीत आणखी व्होल्टेज पडतं. ही घसरगुंडी एका जागी थांबली नाही की यंत्र रीस्टार्ट होतं.

दुपारीच का? चिप तापली की तिच्यातून गळणारा करंट वाढतो, त्याच सेटिंगवर वॉट थोडे चढतात. आणि स्वस्तातला अ‍ॅडाप्टर चाळीस अंशांच्या खोलीत आपल्या लेबलवरचे अँपिअर देईलच असं नाही. चांगल्या अ‍ॅडाप्टरच्या कागदावरसुद्धा बहुतेक वेळा ४० अंशांपर्यंतच पूर्ण लोड दिलेला असतो.

आता उष्णता. तुमच्या नोंदीत उत्तर आहे. रात्री खोली ३१, चिप ६१, फरक ३०. वॉट तेच आणि पंखा तोच असेल तर हा फरक दिवसाही जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ४१ अंशांच्या खोलीत ७१. काठावर आहे, पण ज्या ७५ ला यंत्र ओव्हरहीट म्हणून स्वतःला आवरतं त्या मर्यादेखाली. आता तुम्ही ६०० आणि १२०० केलंत. चिपची पॉवर फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १८ गुणिले ६००/५२५, गुणिले १२००/११५० चा वर्ग: साडेबावीस वॉटच्या आत-बाहेर. फरक ३० चा ३७ होतो. ४१ अधिक ३७, झाले ७८. यंत्राने स्वतःला वाचवलं, त्याचे आभार माना.

उद्या एवढंच करा. जोडवायर काढून टाका, यंत्र अ‍ॅडाप्टरशेजारी आणा. सेटिंग परत ५२५/११५०. मल्टीमीटर असेल तर चालू यंत्राचं व्होल्टेज दोन जागी मोजा, अ‍ॅडाप्टरच्या टोकाला आणि यंत्राच्या जॅकपाशी, आणि आकडे इथे टाका.

एक ताकीद देतो, ती विसरू नका. ह्या यंत्राच्या जॅकमध्ये घरातल्या राउटरच्या अ‍ॅडाप्टरची पिन अगदी बरोबर बसते. राउटरचा अ‍ॅडाप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो. गॅमा ५ व्होल्टचं आहे. माझा पहिला बोर्ड असाच गेला, लाइट गेल्यावर अंधारात चुकीची पिन लावली. त्या दिवसापासून मी ५ व्होल्टच्या पिनेला लाल टेप गुंडाळतो. मुलं यंत्र हाताळतात तर तुम्ही आजच गुंडाळा.

---

नाशिक_रिग, ११ मे

काकांनी मुद्द्याचं सांगितलं. कूलरबद्दल मी बोलतो. झोतात अजिबात ठेवू नका. माझ्याकडे २०२१ मध्ये इथेरियम ह्या दुसऱ्या क्रिप्टोच्या मायनिंगची सहा ग्राफिक्स कार्डांची रिग होती, मी हीच चूक केली होती. कूलरच्या हवेत बारीक तुषार असतात. ते सुकले की पाण्यातला क्षार बोर्डावर राहतो. दोन कार्डांच्या पायांवर पांढरी पूड धरली आणि पुढच्या दमट दिवसांत ती शॉर्ट झाली. अकोल्यात तर पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, तुमच्या बोअरचं पाणी कसं असेल हे तुम्हालाच माहीत. कूलर चालू असलेल्या खोलीत, पण झोतापासून लांब आणि उंचावर ठेवा. खोली चार-पाच अंशांनी उतरली तरी पुष्कळ झालं.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं तेव्हा रिग विकली. आता मित्र मला जुना अँटमायनर एस९, म्हणजे बिटकॉइन मायनिंगचं मोठं यंत्र, स्वस्तात देतो म्हणतोय. १३.५ टेराहॅश, म्हणजे तुमच्या यंत्राच्या बारापटींपेक्षा जास्त. घ्यावा का, काका?

---

डेपोवाले_काका, १२ मे

नाशिककर, घेऊ नका. एस९ साधारण १३०० वॉट घेतो. महिन्याला ९३६ युनिट. १२ रुपये युनिट धरला तरी बिल अकरा हजारांच्या वर जातं, आणि एवढ्या युनिटला महावितरणचा वरचा टप्पा लागेल, तेव्हा १२ मध्ये भागणारही नाही. मे २०२५ च्या डिफिकल्टीला (ब्लॉक शोधणं किती अवघड त्याचा आकडा), म्हणजे १२० लाख कोटींच्या आसपास, तो पूलमध्ये (अनेकांनी मिळून केलेल्या मायनिंगमध्ये) महिन्याला ०.०००२१ बिटकॉइन काढेल. एक बिटकॉइन ९० लाखांना धरा, एकोणीसशे रुपये. शिवाय त्याच्या पंख्यांचा आवाज. दारं लावून बसलेल्या शेजाऱ्यांनाही ऐकू येईल. एका टेराहॅशला एस९ शंभराच्या आसपास वॉट जाळतो, गॅमा सतरा-अठरा. गॅमावर जी बीएम१३७० चिप आहे ती एस२१ प्रो ह्या मोठ्या यंत्रातली आहे, तिथे अशा कितीतरी चिपा ओळीने असतात, इथे एकटी.

---

वऱ्हाडी_आयटी, १३ मे

काका, मोजलं. शाळेच्या लॅबमधून मीटर आणला. जोडवायरीसकट चालू लोडवर अ‍ॅडाप्टरच्या टोकाला ४.९६, यंत्रापाशी ४.५८. वायर काढल्यावर यंत्रापाशी ४.८८. काल आणि आज दुपारी एकदाही रीस्टार्ट नाही! चिप ७२ ला पोचली पण थांबली नाही. लाल टेप लावली.

मुलांनी आता दोन प्रश्न काढलेत. एक, ७२ वरून खाली कसं आणायचं? दोन, स्क्रीनवर १.०७ दिसतं पण पूलच्या पानावर कधी ०.९५, कधी १.१८. खरं कोणाचं?

---

डेपोवाले_काका, १३ मे

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण ट्यूनिंगचा सगळा पाया तो आहे. कोणत्या पोराने विचारला त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा.

स्क्रीनवरचा जो १.०७ तुम्ही बघताय तो फ्रिक्वेन्सीवरून काढलेला अपेक्षित आकडा आहे. चिपमध्ये २०४० छोटे कोअर, गुणिले ५२५ मेगाहर्ट्झ, की झाले १०७१ गिगाहॅश. चिप चुका करत असली तरी हा गुणाकार बदलत नाही. पूलला तुमची फ्रिक्वेन्सी माहीत नाही. त्याच्याकडे येतात फक्त शेअर, म्हणजे ब्लॉकपेक्षा सोप्या कसोटीला उतरलेले हॅश. ठरलेल्या डिफिकल्टीचा शेअर सापडायला सरासरी किती हॅश लागतात हे ठाऊक असतं, त्यावरून तो उलटा हिशोब करतो. म्हणजे खरं पूलचंच, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

किती वेळ? शेअर-डिफिकल्टी १००० असेल तर डिफिकल्टी गुणिले २ चा ३२ वा घात, भागिले हॅशरेट: सरासरी ४ सेकंदांना एक शेअर. तासाला ९००. शेअर पडणं नशिबाचं असल्याने ९०० मध्ये वर्गमूळाएवढा, म्हणजे ३० चा, चढउतार सहज येतो. सव्वातीन टक्के झाला. पूलने डिफिकल्टी १०,००० लावली असेल तर तासाला ९०च शेअर, चढउतार दहा टक्क्यांचा. तुमचे ०.९५ आणि १.१८ त्यातलेच. चोवीस तासांचा सरासरी आकडा घ्या. १००० ला तो पाऊण टक्क्याच्या आत बसतो. म्हणून सेटिंग बदललं की पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. दहा मिनिटांत "वाढलं, वाढलं" म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ बघू नका.

आता ७२ खाली आणायचं. सगळे लोक चढवायला बघतात, उन्हाळ्यात उतरवायचं असतं. माझ्या वहीत धुळ्याचं सेटिंग असं आहे: एप्रिल ते पावसापर्यंत ४९० मेगाहर्ट्झ, १०६० मिलिव्होल्ट. वर्गाच्या हिशोबाने १८ वॉटचे सव्वाचौदा होतात, आणि हॅशरेट ४९० गुणिले २०४०, म्हणजे पुरता १ टेराहॅश. सात टक्के हॅश सोडले, वीस टक्के वीज वाचली. व्होल्टेजला हात लावताना मला अजून जुन्या डायनॅमोचा रेग्युलेटर आठवतो, स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि थांबायचं.

पण माझा आकडा जसाच्या तसा उचलू नका. प्रत्येक चिप वेगळी. व्होल्टेज कमी पडलं की ती बंद पडत नाही, गणितं चुकवते, आणि तो अपेक्षित आकडा तुम्हाला हे सांगत नाही. २४ तासांचं पूलचं सरासरी आणि अपेक्षित आकडा ह्यात दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक राहिला तर व्होल्टेज एक पायरी वर. एका वेळी एकच गोष्ट बदला.

फॅनखालचं हीटसिंक काढायचं असेल तर पेस्ट चांगली घ्या, आयसोप्रोपिलने चिपचं तोंड पुसा, आणि स्क्रू इंजिनाच्या हेडचे बोल्ट आवळतात तसे कोपऱ्याकोपऱ्याने थोडेथोडे आवळा. एका बाजूने पूर्ण आवळलं की चिप तिरकी दाबली जाते, मग पेस्ट कितीही महाग असो. पण ३० चा फरक वाईट नाही, तुमचं उघडायची गरज नाही.

अ‍ॅडाप्टर मात्र बदला. दुकानांवरच्या पळत्या अक्षरांच्या एलईडी बोर्डांना ५ व्होल्टचा जाळीदार एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) लागतो, तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, वर व्होल्टेज किंचित वरखाली करायला स्क्रू असतो. ५.१ वर बसवा, त्याच्या वर नको. त्याच्या २३० च्या पट्टीवर झाकण असल्याशिवाय मुलांच्या टेबलावर ठेवू नका. झाकण नसलेला मिळाला तर तसाच परत करा.

---

हिशेबवही (कोल्हापूर), १५ मे

धागा फार उपयोगाचा झालाय. मी करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते, म्हणून एवढंच जोडते. सोलो पूलमध्ये, जिथे स्वतःला ब्लॉक सापडला तरच पैसे मिळतात, काही हाती लागणार नाही असं म्हणून बहुतेक जण कराचा विचारच करत नाहीत. पण कोणी साध्या पूलला जोडून थोडेथोडे सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) जमवत असेल तर त्याने लक्षात ठेवावं: १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवरच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. त्यातून फक्त संपादन खर्च वजा होतो. आणि मायनिंगच्या यंत्रणेवर केलेला खर्च हा संपादन खर्च नव्हे, असं अर्थ मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं आहे. एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. घरी एवढुसं चालतं म्हणून नोंद ठेवायची नाही, असं करू नका. कोणत्या तारखेला किती सातोशी आले आणि त्या दिवशी भाव काय होता, एवढी वही ठेवली तरी पुढचा त्रास वाचतो.

---

वऱ्हाडी_आयटी, २१ मे

आठ दिवसांचा अहवाल.

नवा एसएमपीएस आणला, झाकणवाला, ५.०८ वर बसवला. यंत्रापाशी लोडवर ५.०२. दुपारी बारा वाजायची काळजी गेली.

४९०/१०६० लावलं. स्क्रीनवर अपेक्षित आकडा १.०० पण पूलचं चोवीस तासांचं ०.९३. मला वाटलं नशीब असेल, मुलं म्हणाली, "मॅडम, सात टक्के आहेत, पाऊण टक्का नाही." अजून एक दिवस ठेवलं, पुन्हा ०.९३. मग ११०० केलं. दोन दिवसांची सरासरी ०.९९. वॉट १५.४, आणि परवा खोली ४१ असताना चिप ६७. काका, तुमची चिप माझ्यापेक्षा चांगली निघाली!

मुलांनी आपापल्या वहीत ब्लॉक सापडण्याची शक्यता काढली. आमच्या हॅशरेटला साधारण सोळा हजार वर्षांत एक. उन्हाळी वर्गातली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे उद्याही सापडू शकतो." तिला मी हो म्हटलं, कारण प्रत्येक हॅश आधीच्या हॅशची आठवण ठेवत नाही. हे वाक्य मी तीन वर्षं शिकवते, त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी स्वतःहून तिथपर्यंत पोचलं. बेस्ट डिफिकल्टी, म्हणजे आतापर्यंतचा आमचा सगळ्यात चांगला हॅश, आता २१० कोटी आहे. ब्लॉकसाठी ह्या मे २०२५ मध्ये लागतात १२० लाख कोटी. मुलांनी ते दोन्ही आकडे शून्यांसकट फळ्यावर एकाखाली एक लिहून ठेवलेत, पुसू देत नाहीत.

जूनमध्ये पाऊस लागला की सेटिंग परत ५२५ वर न्यावं का?

---

डेपोवाले_काका, २१ मे

त्या मुलीचं उत्तर वाचून बरं वाटलं ताई. तिला पुढे इलेक्ट्रॉनिक्सकडे न्या.

५२५ वर न्या, पण खोली ३३ च्या खाली राहू लागली की, तोपर्यंत नाही. पहिल्या पावसानंतर उकाडा राहतो. त्याआधी एक काम: पंखा सोडवून मऊ ब्रशने हीटसिंकच्या फटी साफ करा. उन्हाळ्याची धूळ तिथे बसलेली असते, आणि पावसाची ओल लागली की तिचा चिखल होतो, मग ब्रशने निघत नाही. यंत्र बंद करून, पिन काढून, मगच. पुन्हा लावताना लाल टेपवाली.